आकडे लिहून द्यायचं मत : उत्तर आयर्लंडच्या निवडणुकीबद्दल वाचकांचे प्रश्न

उत्तर आयर्लंड म्हणजे आयर्लंड बेटाचा ब्रिटनकडे राहिलेला ईशान्य कोपरा. क्षेत्रफळ पुणे जिल्ह्यापेक्षा थोडं कमी, लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख. इथले युनियनिस्ट ब्रिटनमध्येच राहू इच्छितात आणि नॅशनलिस्टांना संयुक्त आयर्लंड हवं आहे. युनियनिस्ट प्रामुख्याने प्रोटेस्टंट घरांतले, नॅशनलिस्ट प्रामुख्याने कॅथलिक घरांतले. या दोहोंपैकी कुठलंही लेबल नको म्हणणारा तिसरा गटही आता चांगला मोठा झाला आहे. मागच्या अंकात या प्रदेशावर लेख आल्यापासून निवडणुकीविषयीच सर्वाधिक पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : तिथे मतपत्रिकेवर फुली मारत नाहीत, आकडे लिहितात असं वाचलं. मतदाराने नेमकं काय करायचं असतं? (वाचक, पुणे)

विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून ५ आमदार निवडले जातात, म्हणजे एकूण ९०. (२०१७ च्या आधी प्रत्येकी ६, एकूण १०८ होते.) मतदान गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. मतदान यंत्र नाही, कागद आणि पेन्सिल. मतपत्रिकेवर उमेदवार आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने छापलेले असतात. एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार असले तरी ते एकत्र नसतात, यादीत विखुरलेले असतात. त्यामुळे मतदाराला पक्षाबरोबर उमेदवाराचं नावही लक्षात ठेवावं लागतं.

सर्वांत आवडत्या उमेदवारापुढे १, त्यानंतरच्याला २, मग ३, असं पुढे जायचं. फक्त १ लिहून थांबलात तरी मत वैध. सगळ्यांना क्रम दिलात तरी चालतं.

चुका कुठे होतात ते सांगतो. १ हा आकडा कुठेच नसेल किंवा दोघांपुढे असेल तर मत बाद. १, २ आणि मग एकदम ४ लिहिलं तर मत बाद होत नाही, पण २ नंतर ते थांबतं. दोघांपुढे ३ असेल तरीही तसंच, २ पर्यंतच ग्राह्य. स्वतःचं नाव, सही किंवा ओळख पटेल अशी खूण केली तर सगळंच बाद. पेटीत टाकण्याआधी चूक लक्षात आली तर ती मतपत्रिका केंद्राध्यक्षाला परत देऊन नवी मागता येते, पण संकोचाने बरेच लोक मागत नाहीत. दोन पद्धतींची मतपत्रिका एकाच दिवशी हाती आली की गोंधळाची शक्यता वाढते. ५ मे २०११ ला विधानसभा, स्थानिक परिषदा आणि एक सार्वमत असं तिन्ही एकदम झालं. पहिल्या दोन कागदांवर आकडे लिहायचे होते, तिसऱ्यावर फुली.

एक गैरसमज फार पसरलेला आहे : खालच्या पसंती लिहिल्या तर पहिल्या पसंतीचं मत पातळ होतं. तसं होत नाही. तुमच्या वरच्या उमेदवाराचा निकाल लागल्यावरच, म्हणजे तो निवडून आल्यावर किंवा बाद झाल्यावरच, पुढचा आकडा पाहिला जातो. म्हणून, उरलेल्यांपैकी कुणीही आला तरी सारखंच वाटेपर्यंत आकडे लिहीत जावं. आपल्या पक्षाची नावं संपली की पेन्सिल खाली ठेवणारा मतदार आपल्या मताचा मोठा भाग वाया घालवतो. उरलेल्या जागा कोणाला जाव्यात, याचा निर्णय तो इतरांवर सोडून देतो.

प्रश्न : 'कोटा' कसा काढतात? जास्तीची मतं दुसऱ्याला देतात म्हणजे नेमकं काय? (शिक्षक, नाशिक)

विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात तुम्ही मत दिलं असेल तर आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनने हेच केलं आहे. तिथे बहुधा जागा एकच असते, म्हणून जास्तीच्या मतांचा प्रश्न येत नाही. पण राज्यसभेच्या निवडणुकीत तो महाराष्ट्राने अगदी जवळून पाहिला आहे. १० जून २०२२ ला ६ जागांसाठी ७ उमेदवार होते, वैध मतं २८४. पहिल्या पसंतीत शिवसेनेच्या संजय पवारांना ३३, तर भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. तरी निवडून आले महाडिक, कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती आणि कोट्याच्या, म्हणजे निवडून यायला पुरणाऱ्या मतांच्या, वरचं मूल्य पुढच्या पसंतीने महाडिकांकडे गेलं.

उत्तर आयर्लंडमध्ये हेच गणित, फक्त मतदार आमदार नसून हजारो सामान्य नागरिक, आणि मत गुप्त. राज्यसभेत आमदाराला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तिथे ती कुणालाच दाखवायची नसते.

कोट्याचं सूत्र : वैध मतं भागिले (जागा अधिक १), येणाऱ्या पूर्णांकात १ मिळवायचा. पाच जागांसाठी ४५,००० वैध मतं असतील तर ४५,००० भागिले ६ म्हणजे ७,५००, अधिक १, कोटा ७,५०१. म्हणजे साधारण १६.६७ टक्के मतं मिळवणारा निवडून येतोच. एवढी मतं सहाजणांना मिळूच शकत नाहीत, म्हणून भागाकार सहाने.

आता समजा 'अ' ला पहिल्या पसंतीची ९,००० मतं पडली. जास्तीची १,४९९. यातली १,४९९ पत्रिका कुठून उचलायच्या? उचलत नाहीत. सगळ्या ९,००० पत्रिका पुन्हा पाहतात आणि पुढच्या पसंतीनुसार गठ्ठे करतात. 'ब' साठी ४,५००, 'क' साठी २,०००, 'ड' साठी १,५००, आणि १,००० पत्रिकांवर पुढे आकडाच नाही. हस्तांतरणीय पत्रिका ८,०००. प्रत्येकीचं मूल्य १,४९९ भागिले ८,०००, म्हणजे ०.१८७. दोन दशांश स्थळं ठेवून पुढचं सोडून देतात : ०.१८. मग 'ब' ला ८१०, 'क' ला ३६०, 'ड' ला २७०. बेरीज १,४४०. राहिलेली ५९ अपूर्णांक सोडल्यामुळे गळाली, ती तशी नोंदवतात.

एखादा उमेदवार पहिल्या फेरीत नाही, पुढच्या एखाद्या फेरीत कोटा ओलांडतो तेव्हा नियम बदलतो आणि इथेच नवखे लोक अडखळतात. त्याच्या सगळ्या पत्रिका पाहत नाहीत, फक्त ज्या शेवटच्या गठ्ठ्यामुळे त्याने कोटा ओलांडला तोच पाहतात. ७,३०० वर असलेल्याला बाद झालेल्या उमेदवाराच्या ५०० पत्रिका आल्या आणि तो ७,८०० वर गेला, तर जास्तीची २९९ मतं या ५०० पत्रिकांच्या पुढच्या पसंतीनेच वाटली जातात. पहिल्या ७,३०० जणांना पुढे कोण हवं होतं हे विचारलं जात नाही. सोय म्हणून हे ठीक, पण न्याय म्हणून मला हे अपुरं वाटतं. संगणकाने सगळ्या पत्रिका मोजणं शक्य असताना तो नियम ठेवण्याचं पटेल असं कारण राहिलेलं नाही. (सीमेपलीकडे आयर्लंड प्रजासत्ताकात पद्धत आणखी वेगळी : तिथल्या संसदेच्या मोजणीत मूल्य कमी करत नाहीत, प्रमाणात पूर्ण पत्रिकाच उचलून पुढच्या उमेदवाराला देतात.)

जास्तीची मतं वाटूनही जागा उरल्या तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो. त्याच्या पत्रिका ज्या मूल्याने आल्या होत्या त्याच मूल्याने पुढे जातात. तळाच्या दोघा-तिघांची बेरीज वरच्या उमेदवाराला गाठत नसेल तर त्यांना एकदम बाद करता येतं, वेळ वाचतो. शेवटी जागा आणि उरलेले उमेदवार सारखे झाले की ते कोटा न गाठताही निवडून येतात. शेवटच्या जागेचा आमदार कोट्याखाली राहिला म्हणून कमी दर्जाचा ठरत नाही, हे आवर्जून सांगतो. कारण हरलेल्या पक्षाकडून तसा सूर निघतो.

हे सगळं हाताने. मतदान गुरुवारी संपतं, मोजणी शुक्रवारी सकाळी सुरू होऊन शनिवारपर्यंत चालते. आधी प्रत्येक पेटीतल्या पत्रिका केंद्राध्यक्षाच्या हिशेबाशी जुळवतात, मगच पहिल्या पसंती मोजतात. मोजणीला लागणाऱ्या या वेळामुळेच २०२३ च्या स्थानिक निवडणुका ४ मे वरून १८ मे वर ढकलल्या गेल्या : ६ मे, शनिवारी, राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक होता आणि मोजणी त्याच दिवशी आली असती.

प्रश्न : २०२२ मध्ये टीयूव्ही या पक्षाला ७.६ टक्के मतं आणि फक्त एक जागा. एसडीएलपी या नॅशनलिस्ट पक्षाला ९.१ टक्के आणि आठ. प्रमाणशीर पद्धतीत असं कसं? (वाचक, सोलापूर)

कारण ही पद्धत पक्षांच्या टक्केवारीला जागा देत नाही. पाच जागांच्या मतदारसंघात उमेदवाराला कोट्यापर्यंत पोचवते, आणि पोचण्याचे दोन मार्ग असतात : मतं एका ठिकाणी एकवटलेली असणं आणि इतरांच्या खालच्या पसंती मिळणं. टीयूव्ही हा कडवा युनियनिस्ट पक्ष. त्याची मतं अनेक मतदारसंघांत पसरलेली होती, बहुतेक ठिकाणी अर्ध्या कोट्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. तिथून वर जायला दुसऱ्यांचे २ आणि ३ लागतात, आणि ते त्याला फार थोडे मिळाले. जिम अ‍ॅलिस्टर हे त्यांचे एकटे आमदार नॉर्थ अँट्रिममधून आले, जिथे त्यांची पहिल्या पसंतीची मतंच भक्कम होती.

उलट टोकाला अलायन्स. पहिल्या पसंतीची मतं १३.५ टक्के, जागा १७. हा पक्ष स्वतःला युनियनिस्टही म्हणवत नाही, नॅशनलिस्टही नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे मतदार आपली माणसं संपल्यावर त्याच्याकडे वळू शकतात. तुलनेसाठी त्याच निवडणुकीत नॅशनलिस्ट शिन फेन २९ टक्क्यांवर २७, आणि युनियनिस्टांपैकी डीयूपी २१.३ वर २५, यूयूपी ११.२ वर ९.

शिस्तबद्ध पक्ष मतांची वाटणीही करतात. एका मतदारसंघात तीन उमेदवार उभे केले तर गावं, वॉर्ड वाटून घेऊन प्रत्येक भागातल्या समर्थकांना सांगतात, तुम्ही अमक्याला १ द्या, तमक्याला २. तिघेही साधारण सारख्या मतांवर राहिले की कोणीच लवकर बाद होत नाही. शिन फेन यात सर्वांत तरबेज : २०२२ ला वेस्ट बेलफास्टच्या पाचपैकी चार जागा त्यांनी घेतल्या. वाटणी फसते ती दोन कारणांनी. एखादा लोकप्रिय नेता आपल्या भागाबाहेरचीही मतं ओढतो आणि सहकारी तळाला जातो, किंवा पक्ष हावेने एक उमेदवार जास्त उभा करतो आणि सगळेच कोट्यापासून दूर राहतात.

खालच्या पसंती किती संवेदनशील असतात त्याचं एक उदाहरण. फेब्रुवारी २०१७ मध्ये यूयूपीचे नेते माइक नेस्बिट यांनी जाहीर सांगितलं की आपण दुसरी पसंती नॅशनलिस्ट एसडीएलपीला देणार. त्यांच्याच पक्षात गदारोळ झाला, पक्षाच्या जागा १० वर आल्या आणि त्यांनी नेतेपद सोडलं. पण त्याच निवडणुकीत लॅगन व्हॅली या युनियनिस्ट बहुसंख्येच्या मतदारसंघात एसडीएलपीचे पॅट कॅटनी शेवटच्या जागेवर निवडून आले, ते इतरांकडून आलेल्या पसंतींच्या बळावर. नेत्याने उघड म्हटलं तर महागात पडतं, मतदार मात्र पडद्याआड ते करू शकतो. या पद्धतीचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

प्रश्न : माझी मुलगी बेलफास्टच्या रुग्णालयात नर्स आहे. पासपोर्ट भारतीय. तिला तिथे मत देता येईल का? (वाचक, सांगली)

येईल, आणि तिने जरूर नोंदणी करावी. राष्ट्रकुल देशांचे नागरिक कायदेशीर परवान्यावर तिथे राहत असतील तर त्यांना स्थानिक परिषद, विधानसभा आणि ब्रिटिश संसद, तिन्हींसाठी मताधिकार आहे. भारत राष्ट्रकुलात असल्याने तिलाही आहे. वय १८ हवं. गंमत म्हणजे सीमेपलीकडे डंडॉकला नोकरी असती तर त्याच पासपोर्टवर तिला फक्त स्थानिक निवडणुकीत मत देता आलं असतं.

नोंदणी ऑनलाइन होते, प्रत्येकाने आपापली करायची. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक लागतो. तो पगाराच्या पावतीवर असतो. मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधी मुदत संपते. घर बदललं की पुन्हा नोंदणी, हे भाड्याने राहणाऱ्यांकडून हमखास राहून जातं.

केंद्रावर छायाचित्र असलेलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मतपत्रिका मिळत नाही. २००२ च्या कायद्याने, म्हणजे ब्रिटनच्या बाकी भागाच्या वीस वर्षं आधी, ही अट तिथे आली. कारण दुसऱ्याच्या नावावर मत टाकण्याच्या तक्रारी जुन्या होत्या. वाहन परवाना चालतो. ओळखपत्राची मुदत संपलेली असली तरी चालते, फोटो ओळखू येण्याजोगा हवा. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. तिने निवडणूक कार्यालयाचं मोफत ओळखपत्र काढून ठेवावं, म्हणजे कुठला कागद चालेल याची टेबलावर चर्चाच नको.

नर्सेसची पाळी बारा तासांची असते, म्हणून टपाली मताचंही सांगतो. तिथे ते मागेल त्याला मिळत नाही, कारण द्यावं लागतं : आजारपण, काम, प्रवास. अर्ज मतदानाच्या १४ कामकाजाच्या दिवस आधी पोचायला हवा, म्हणजे नोंदणीच्या मुदतीच्याही आधी. टपाली मतपत्रिका केंद्रावर नेऊन देता येत नाही, टपालानेच वेळेत पोचवावी लागते. ड्युटीचं वेळापत्रक हाती येताच अर्ज करणं बरं.

हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना लो २००७ मध्ये साउथ बेलफास्टमधून अलायन्सतर्फे आमदार झाल्या होत्या. बाहेरून आलेल्यांनी तिथल्या राजकारणात भाग घेणं नवं नाही.

प्रश्न : एवढी किचकट पद्धत तिथे कुणी आणि का आणली? साधी 'जास्त मतं तो विजयी' का नाही चालली? (प्राध्यापिका, कोल्हापूर)

चालली होती, आणि त्याचे परिणाम पाहूनच ती काढावी लागली. १९२१ आणि १९२५ च्या उत्तर आयर्लंड संसदेच्या निवडणुका पसंतीक्रमानेच झाल्या होत्या. मग युनियनिस्ट सरकारने ती पद्धत स्थानिक संस्थांतून १९२२ मध्ये काढली आणि संसदेसाठी १९२९ पासून एक जागा, एक विजेता अशी पद्धत आणली.

डेरी शहराचे आकडे पाहा, म्हणजे काय झालं ते लगेच कळेल. १९६७ मध्ये शहराच्या महापालिकेसाठी कॅथलिक मतदार १४,४२९ आणि इतर ८,७८१. जागा २०. निकाल : युनियनिस्ट १२, नॅशनलिस्ट ८. कसं? तीन वॉर्ड केले होते. दक्षिण वॉर्डात १०,०४७ कॅथलिक मतदार कोंबले, इतर १,१३८, आणि त्या वॉर्डाला ८ जागा. उत्तर वॉर्डात २,५३० विरुद्ध ३,९४६, त्यालाही ८. वॉटरसाइडमध्ये १,८५२ विरुद्ध ३,६९७, त्याला ४. दक्षिणेतला प्रचंड मताधिक्याचा ढीग वाया गेला आणि बाकी दोन वॉर्डांतलं माफक बहुमत १२ जागांना पुरलं.

शिवाय स्थानिक निवडणुकीत मत फक्त घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला. भाड्याच्या खोलीतल्या पोटभाडेकरूला नाही, आईवडिलांकडे राहणाऱ्या सज्ञान मुलालाही नाही, पण कंपन्यांना मालमत्तेच्या हिशेबाने सहापर्यंत मतं. घरं वाटण्याचा अधिकार याच महापालिकेकडे, आणि नवं घर म्हणजे नवीन मतं, म्हणून घर कुणाला द्यायचं हाही मतांचाच हिशेब. 'एक व्यक्ती, एक मत' ही १९६८ च्या नागरी हक्क चळवळीची मुख्य मागणी होती. ५ ऑक्टोबर १९६८ ला डेरीतल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि पुढची तीस वर्षं पेटलेली राहिली. त्या हिंसाचाराची कारणं अनेक, पण वॉर्डांच्या रेषा हे एक ठोस, मोजता येणारं कारण होतं.

महापालिका बरखास्त झाली, तिच्या जागी आयोग नेमला गेला. १९७३ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थानिक परिषदा आणि नवी विधानसभा दोन्हींसाठी पसंतीक्रम परत आणला. अनेक जागांच्या मतदारसंघात रेषा कशीही आखा, एकषष्ठांश मतं असलेल्या गटाची जागा हिरावून घेणं जवळजवळ अशक्य होतं. किचकटपणाच्या बदल्यात हे मिळतं.

प्रश्न : निवडणूक झाली, निकाल लागला, तरी २०२२ ते २०२४ सरकारच नव्हतं. हे कसं होऊ शकतं? (वाचक, नागपूर)

मतदानाचे नियम उदार आहेत, सरकार बनवण्याचे नियम मात्र गट धरून चालतात. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारानंतर प्रत्येक आमदाराला सुरुवातीलाच नोंद करावी लागते : युनियनिस्ट, नॅशनलिस्ट की अन्य. २०२२ च्या निकालानंतर युनियनिस्ट ३७, नॅशनलिस्ट ३५, अन्य १८.

सर्वांत मोठ्या पक्षाचा फर्स्ट मिनिस्टर, दुसऱ्या बाजूच्या सर्वांत मोठ्या पक्षाचा डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर. दोघांचे अधिकार तंतोतंत सारखे. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. २०२२ मध्ये युनियनिस्ट गट मोठा असूनही शिन फेन सर्वांत मोठा पक्ष ठरला, म्हणून पहिलं पद त्यांच्याकडे आणि दुसरं डीयूपीकडे. डीयूपीने नाव द्यायला नकार दिला. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून येणाऱ्या मालावर लागलेल्या तपासण्या हे कारण. सभापती निवडायलाही दोन्ही गटांची संमती लागते, तीही त्यांनी अडवली, त्यामुळे सभागृह बसूच शकलं नाही. ३ फेब्रुवारी २०२४ ला मिशेल ओ'नील आणि एमा लिटल-पेंगेली यांनी पदं घेतली तेव्हा कोंडी फुटली. त्याआधी जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२० अशीच तीन वर्षं गेली होती, तेव्हा राजीनामा शिन फेनच्या मार्टिन मॅकगिनेस यांनी दिला होता.

बाकीची बहुतेक खाती पक्षांना क्रमाने निवडू देतात. पक्षाच्या जागा भागिले (मिळालेली खाती अधिक १). ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी. शिन फेन २७, एक खातं घेतल्यावर १३.५, दोन घेतल्यावर ९. सौदेबाजीला जागा उरत नाही, हा याचा गुण. न्याय खातं तेवढं यातून बाहेर, त्याचा मंत्री दोन्ही गटांच्या संमतीने ठरतो.

महत्त्वाच्या ठरावांना साधं बहुमत पुरत नाही : एकतर दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत, नाहीतर एकूण ६० टक्के आणि त्यात प्रत्येक गटाचे किमान ४० टक्के. ३० आमदारांनी सह्या केल्या तर जवळजवळ कुठलाही विषय या अटीखाली आणता येतो. २ नोव्हेंबर २०१५ ला समलिंगी विवाहाचा प्रस्ताव ५३ विरुद्ध ५२ असा मंजूर झाला, पण डीयूपीने हेच हत्यार वापरून तो अडवला. २०१७ मध्ये त्यांच्या जागा २८ झाल्या आणि एकट्याने सह्या जमेनात. २०२२ च्या कायद्याने आता सह्या किमान दोन पक्षांच्या लागतात आणि १४ दिवस थांबावं लागतं.

'अन्य' म्हणून नोंदलेल्या १८ जणांची मतं एकूण बेरजेत धरतात, गटांच्या संमतीत नाही. म्हणजे मतदाराने रेषा ओलांडून खालच्या पसंती देऊन ज्यांना निवडून आणलं, त्यांचंच मत सभागृहात निर्णायक क्षणी कमी वजनाचं ठरतं. १९९८ मध्ये दोन्ही बाजूंना भीती होती आणि ती खरी होती, म्हणून हा नियम तेव्हा समजण्यासारखा होता. आज पाचातला एक आमदार अन्य असताना तो तसाच ठेवणं मतदारावर अन्याय आहे.

प्रश्न : संयुक्त आयर्लंडसाठी सार्वमत झालंच तर ते गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलासारखं असेल का? (वाचक, म्हापसा)

साम्य आहे : सोपा प्रश्न, दोन पर्याय, साधं बहुमत. १६ जानेवारी १९६७ ला गोवा, दमण, दीवच्या मतदारांनी वेगळं राहण्याच्या 'दोन पानं' या चिन्हाला १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मतं दिली. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. आणि दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवलं. उत्तर आयर्लंडच्या निवडणुकीतून सीमेच्या कौलाचा निकाल काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं : पक्षाला दिलेलं मत आणि प्रदेशाच्या भवितव्यावरचं मत एकच नसतं.

फरक दोन. एक, तिथे कौल घ्यायचा की नाही हे ब्रिटिश मंत्री ठरवतो. बहुमत संयुक्त आयर्लंडकडे जाण्याची शक्यता दिसली तर त्याने तो घ्यायलाच हवा, आणि दोन कौलांत किमान सात वर्षांचं अंतर. दोन, विरोधी बाजूने सहभागच नाकारण्याचा धोका. ८ मार्च १९७३ च्या कौलात ९८.९ टक्के मतं ब्रिटनच्या बाजूने पडली, कारण नॅशनलिस्टांनी बहिष्कार टाकला होता. एवढ्या एकतर्फी आकड्याने काहीच मिटलं नाही. २२ मे १९९८ च्या कराराच्या सार्वमतात ७१.१ टक्के होकार आला, आणि त्याला खरं वजन होतं कारण ८१ टक्के लोक मतदानाला आले होते.

प्रश्न : ब्रिटिश संसदेसाठीही आकडेच लिहितात का? (वाचक, ठाणे)

नाही, तिथे फुली. तेच १८ मतदारसंघ, प्रत्येकी एक खासदार, जास्त मतांचा विजयी. म्हणून तिथे मतविभागणीची भीती राज्य करते आणि पक्ष एकमेकांसाठी जागा सोडतात. फर्मॅना अँड साउथ टायरोनमध्ये २०१० ला शिन फेनच्या मिशेल गिल्डरन्यू २१,३०४ मतं मिळवून जिंकल्या, युनियनिस्टांच्या एकत्रित उमेदवाराला २१,३००. निकाल न्यायालयात गेला. तीन मतपत्रिकांचा हिशेब लागत नव्हता, पण त्या तिन्ही हरलेल्याला दिल्या तरी गिल्डरन्यू एका मताने पुढे राहत होत्या, म्हणून निकाल कायम. शिन फेनचे खासदार निवडून येऊनही लंडनच्या संसदेत बसत नाहीत, हे त्यांचं जुनं धोरण आहे आणि त्यांच्या मतदारांना ते ठाऊक असतं.

प्रश्न : आमदार मेला किंवा राजीनामा दिला तर पोटनिवडणूक? (वाचक, अकोला)

सहसा नाही. पाचातली एक जागा भरायला पोटनिवडणूक घेतली तर ती मोठ्या गटालाच जाईल आणि प्रमाण बिघडेल. म्हणून ज्या पक्षाची जागा, तोच पक्ष नाव देतो. अपक्ष आमदार आपल्या पर्यायी व्यक्तींची यादी आधीच देऊन ठेवतो. ईस्ट लंडनडेरीचे अपक्ष डेव्हिड मॅक्लार्टी २०१४ मध्ये वारले तेव्हा अशाच यादीतून क्लेअर सग्डेन आमदार झाल्या. २०१६ मध्ये त्या स्वबळावर निवडून आल्या आणि न्यायमंत्रीही झाल्या.